गोठलेली चित्रफीत : दोष यंत्राचा की फाइलीचा?

गणेश चतुर्थीचा उत्सव आटोपून विसर्जन झाले की आमच्या बेटावरील मराठी घरांतून आणि मंडळींतून हल्ली एक नवेच काम सुरू होते. पूर्वी एखादा छायाचित्रकार बोलावला जाई आणि तो काढील ती दहा-वीस छायाचित्रे वर्षभर पाहिली जात. आता प्रत्येकाच्या खिशातील टेलिफोनच कॅमेरा झाला आहे. कोणी आरती टिपतो, कोणी झाकरी, कोणी समुद्राकडे निघालेली मिरवणूक. मग या साऱ्या फाइली मंडळीतील संगणक जाणणाऱ्या एखाद्या तरुणाच्या हाती सोपवून सांगण्यात येते, ‘बाळा, यातून अर्ध्या तासाची चांगली फिल्म करून दे.’

तो बिचारा रात्री जागून कामाला बसतो. संपादनाच्या प्रोग्राममध्ये एकामागून एक फाइली घालतो. पहिल्या चार बिनबोभाट चालतात. पाचवी घालताच पडद्यावरील चित्र जागच्या जागी उभे राहते. आवाज पुढे जातो, चित्र मागे राहते, किंवा सारा प्रोग्रामच पांढराफटक पडतो आणि माऊसचे चक्र फिरत राहते. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, तर पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असे झाले की ‘ही फाइलच खराब आहे’ असा निकाल लागतो, ती वगळली जाते, आणि टेलिफोनमध्ये जागा हवी म्हणून पुसूनही टाकली जाते.

येथेच आम्हांस वाचकांना थांबवावेसे वाटते. अशी गोठणारी फाइल बहुधा खराब नसते. संगणकही नादुरुस्त नसतो. फाइल ज्या पद्धतीने लिहिली गेली आहे, ती पद्धत संपादनाच्या प्रोग्रामला झेपत नाही, एवढेच असते. ही गोष्ट समजली की इलाज सोपा आहे, आणि तो बहुतेक फुकटात होतो. न समजली, तर ज्या फाइलीत एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजीने म्हटलेले गाणे आहे तीच नेमकी कचऱ्यात जाण्याचा संभव असतो.

जुन्या पिढीस ठाऊक असलेला त्रास

ज्यांच्या घरी व्हिडिओ कॅसेटचे यंत्र होते त्यांना या प्रकाराचे नवल वाटू नये. आमच्या बेटावरील दूरदर्शनने फ्रान्सची सेकाम ही रंगपद्धत घेतली होती. भारतात पाल पद्धत होती, अमेरिकेत एनटीएससी. भारतातून कोणी पाहुण्याने लग्नाची कॅसेट आणली आणि ती केवळ सेकाम जाणणाऱ्या संचावर लावली की चित्र काळेपांढरे दिसे. अमेरिकेतील कॅसेट लावली तर चित्र वरखाली पळे. त्या वेळी कोणी कॅसेट फेकून देत नसे. शेजारी बहुपद्धतीचे यंत्र कोणाकडे आहे याची चौकशी होई आणि तेथे जाऊन लग्न पाहिले जाई.

आजच्या फाइलींचेही तसेच आहे. फरक इतकाच, की त्या काळी पद्धती तीन होत्या, आज त्या कितीतरी आहेत. आणि कॅसेटच्या पेटीवर पद्धतीचे नाव बहुधा छापलेले असे, फाइलीवर ते उघड दिसत नाही.

डबा वेगळा, आतले जेवण वेगळे

फाइलीच्या नावाच्या शेवटी एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एव्हीआय अशी अक्षरे असतात. पुष्कळांचा समज असा, की हीच त्या फाइलीची जात. हा समज अपुरा आहे. ही अक्षरे म्हणजे केवळ डब्याचे नाव. एकाच आकाराच्या दोन डब्यांपैकी एकात वरणभात असेल, दुसऱ्यात फराता. झाकण पाहून ते कळत नाही. त्याचप्रमाणे एमपी४ या एकाच डब्यात चित्र निरनिराळ्या रीतींनी आवळून भरलेले असू शकते. या आवळण्याच्या रीतीला कोडेक म्हणतात.

आज आपल्या कामात मुख्यतः दोन कोडेक येतात. पहिला एच.२६४. हा २००३ साली प्रसिद्ध झाला व त्याला एव्हीसी असेही नाव आहे. दुसरा एच.२६५ किंवा एचईव्हीसी, हा २०१३ सालचा. दुसरा पहिल्याहून अधिक घट्ट आवळतो. आयफोनच्या बाबतीत २०१७ सालच्या अकराव्या आयओएसपासून, आयफोन ७ आणि त्यापुढील टेलिफोनांत, चित्रण आपोआप एचईव्हीसीमध्ये होऊ लागले. म्हणून काकांच्या जुन्या टेलिफोनमधील फाइल सुरळीत चालते आणि पुतण्याच्या नव्या टेलिफोनमधील अडकते. नवे यंत्र अधिक चांगले असूनही त्याचीच फाइल त्रास देते, याचे कारण हे.

आवळणे किती असते त्याचा हिशोब पाहण्यासारखा आहे. नेहमीच्या मोठ्या आकाराच्या चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या तीन रंगांना एकेक बाइट धरला तर एक चित्र सुमारे ६.२ मेगाबाइटचे होते. सेकंदाला अशी ३० चित्रे धरली तर मिनिटाला ११ गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. ॲपल कंपनीच्या टेलिफोनमध्येच दिलेल्या आकड्यांप्रमाणे अशा एका मिनिटाच्या एचईव्हीसी चित्रणाला सुमारे ६० मेगाबाइट पुरतात. म्हणजे मूळ चित्र एकशे ऐंशीहून अधिक पटींनी आवळले गेले. ते पाहताना संगणकाला पुन्हा उलगडावे लागते, आणि सारा त्रास या उलगडण्यात आहे.

लाबुतिकची कार्ने

आवळण्याची युक्ती काय, ती आपल्या गावच्या लाबुतिकच्या उदाहरणाने समजेल. दुकानदार उधारीच्या कार्नेत महिन्याच्या पहिल्या तारखेस मागील बाकी पूर्ण लिहितो. पुढे रोज फक्त त्या दिवशी नेलेल्या वस्तूंची रक्कम लिहितो. वही लहान राहते. परंतु सतरा तारखेस एकूण देणे किती होते असे कोणी अचानक विचारले, तर एक तारखेपासून बेरीज करीत यावे लागते.

टेलिफोनची फाइल अशीच लिहिलेली असते. एक चित्र पूर्ण लिहिले जाते, आणि त्यापुढील कित्येक चित्रांत फक्त ‘मागच्यापेक्षा काय बदलले’ एवढेच लिहिले जाते. काही चित्रांसाठी तर पुढील पानही आधी पाहावे लागते. फिल्म पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ पाहायची असेल तर यात अडचण नाही; बेरीज चालूच असते. पण संपादन करणारा सरळ पाहत नाही. तो मध्येच थांबतो, मागे येतो, एका चित्रावर कात्री लावतो, दोन फिती एकावर एक ठेवतो. प्रत्येक वेळी प्रोग्रामला मागील पूर्ण चित्र शोधून तेथपासून बेरीज करावी लागते. तीन-चार एचईव्हीसी फिती एकाच वेळी उलगडायच्या झाल्या की साधा संगणक दमतो आणि पडदा गोठतो.

नव्या संगणकांत हे उलगडण्यासाठी निराळी सोय असते. इंटेलच्या प्रोसेसरांत सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, ८ बिटांचे एचईव्हीसी यंत्रातच उलगडले जाते. सातव्या पिढीपासून १० बिटांचेही. त्याहून जुन्या संगणकास सारे काम डोक्याने करावे लागते. २०२० सालच्या आयफोन १२ पासून एचडीआर नावाचे १० बिटांचे चित्रणही सुरू झाले. त्याचा भार आणखी मोठा.

बदलती चाल

दुसरे कारण फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून ते नीट सांगतो. सिनेमाच्या फितीत चित्रांची चाल ठरलेली असते. सेकंदाला २४ म्हणजे २४. टेलिफोन मात्र आपल्या सोयीने चाल बदलतो. देवघरात समईचा मंद उजेड असेल तर तो सेकंदाला कमी चित्रे घेतो, बाहेर उन्हात आला की अधिक घेतो. संपादनाचा प्रोग्राम मात्र ठरलेल्या चालीचा हिशोब धरून बसलेला असतो. ढोलकीवाला एका तालात आणि झाकरीचे गडी दुसऱ्या तालात, असा प्रकार होतो. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात. दहा मिनिटांनी आजीचे ओठ मिटलेले आणि गाणे चालूच. काही प्रोग्राम अशा फाइलीवर अडखळतात, काही पूर्ण थांबतात.

निदान कसे करावे

घाईने प्रोग्राम काढून पुन्हा बसविण्याआधी पुढील क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट, फाइल टेलिफोनमध्ये, कार्डावर किंवा यूएसबी काडीवर असतानाच तिच्यावर काम करू नये. ती संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्यावी. संथ काडीवरून वाचताना चांगली फाइलही अडखळते. डिस्कवर मोकळी जागा पुरेशी आहे की नाही तेही पाहावे. संपादनाचा प्रोग्राम आपल्या कामासाठी बऱ्याच तात्पुरत्या फाइली करतो, आणि डिस्क भरली की तो मुकाट्याने थांबतो.

दुसरी, फाइल व्हीएलसी या विनामूल्य प्रोग्राममध्ये लावून पाहावी. पॅरिसच्या एकोल सांत्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून हा प्रोग्राम निघाला. बहुतेक सारे कोडेक त्याला स्वतःलाच येतात, संगणकातील इतर सोयींवर तो अवलंबून राहत नाही. त्यात फाइल शेवटपर्यंत चालली तर ती धडधाकट आहे असे खुशाल समजावे. त्यातही ती एकाच जागी अडली, तर मात्र ती फाइल उतरवताना तुटली असण्याचा संभव आहे. मूळ टेलिफोनमधून पुन्हा उतरवावी. म्हणूनच मूळ प्रत इतक्यात पुसू नये असे आम्ही म्हणतो. जुन्या संगणकावर सर्वच फाइली रखडत असतील तर दोष भाराचा आहे.

तिसरी, गुन्हेगार फाइल कोणती ते शोधावे. चाळीस फाइली एकदम घालून प्रोग्राम गोठला तर काहीच कळत नाही. नवे कोरे काम उघडावे, अर्ध्या फाइली घालाव्या. ठीक चालले तर दोष उरलेल्या अर्ध्यांत. त्यांचेही पुन्हा दोन भाग करावे. चाळिसांतून एक शोधायला पाच-सहा खेपा पुरतात.

चौथी, त्या फाइलीची कुंडली पाहावी. मीडियाइन्फो नावाचा विनामूल्य प्रोग्राम डब्याच्या आत काय आहे ते अक्षरांत मांडून देतो. त्यात चार ओळी पाहाव्या: चित्राचा कोडेक एव्हीसी आहे की एचईव्हीसी; बिट ८ आहेत की १०; चित्रांची चाल स्थिर आहे की बदलती; आणि आवाजाचा कोडेक कोणता. चालणाऱ्या फाइलीची कुंडलीही शेजारी उघडून ठेवावी. दोहोंत जो फरक दिसेल तेथेच बहुधा उत्तर असते.

पाचवी, प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर डिकोडिंगची खूण असते, ती एकदा काढून पाहावी. खूण काढल्यावर काम संथ झाले पण गोठणे थांबले, तर दोष चित्रपत्त्याच्या ड्रायव्हरचा आहे. तो नवा घालून खूण पुन्हा लावावी. प्रोग्रामची साठवण, जिला कॅश म्हणतात, तीही रिकामी करावी. जुन्या अर्धवट नोंदींमुळे प्रोग्राम त्याच खड्ड्यात पुनःपुन्हा पडतो.

आणि या सर्वांच्या आधी थोडा धीर धरावा. दोन तासांची फाइल घातल्यावर प्रोग्राम तिची नोंदवही तयार करतो, त्याला वेळ लागतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर तो मेलेला नाही, काम करीत आहे.

इलाज

निदान झाले की इलाजाचे तीन मार्ग आहेत. कोणता घ्यावा ते कुंडलीवरून ठरते.

फक्त डबाच अडचणीचा असेल, म्हणजे एमकेव्हीच्या आत साधे एच.२६४ भरलेले असेल, तर जेवण पुन्हा शिजवण्याचे कारण नाही. डबा बदलला की झाले. शटर एन्कोडर या विनामूल्य प्रोग्राममध्ये रीरॅप नावाचे काम आहे. ते चित्राला हात न लावता नुसता डबा बदलते. हे काम पाहता पाहता होते आणि चित्राचा दर्जा कणभरही उतरत नाही. येथे एक सावधगिरी: नावातील एमकेव्ही ही अक्षरे खोडून हाताने एमपी४ लिहिल्याने डबा बदलत नाही. त्याने फक्त झाकणावरची चिठ्ठी बदलते.

कोडेकच जड असेल किंवा चाल बदलती असेल, तर फाइल संपादनाला सोयीच्या स्वरूपात पुन्हा लिहावी. हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रामात प्रॉडक्शन या नावाखाली तयार मांडण्या दिलेल्या आहेत, त्या याच कामासाठी आहेत. त्यांतून निघणारी फाइल स्थिर चालीची असते व संपादनात हलकी जाते. शटर एन्कोडरमधून ॲपलचे प्रोरेस किंवा एव्हिडचे डीएनएक्सएचआर हे प्रकारही काढता येतात. या प्रकारांत प्रत्येक चित्र पूर्ण लिहिलेले असते. कार्नेच्या भाषेत सांगायचे तर दर ओळीला एकूण बाकी लिहिलेली. कोठेही बोट ठेवा, बेरीज नको. अर्थात वही जाड होते. सेकंदाला २५ चित्रांच्या एका तासाच्या प्रोरेस ४२२ चित्रणाला सुमारे ५५ गिगाबाइट लागतात. टेलिफोनच्या त्याच तासाला चार गिगाबाइटही लागत नाहीत. म्हणून जागा पाहून निर्णय करावा, आणि सारे चित्रण न बदलता फिल्ममध्ये लागणारे तुकडेच बदलावे. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या विनामूल्य संपादन प्रोग्रामांत तर अशी फाइल घालताच ‘संपादनयोग्य करू का?’ असे प्रोग्रामच विचारतो. पुष्कळजण घाईत ‘नको’ म्हणतात. ‘हो’ म्हणावे.

तिसरा मार्ग प्रॉक्सीचा. प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. मोठ्या फाइलीची लहान हलकी नक्कल करून कापाकापी तिच्यावर करायची. शेवटी फिल्म बाहेर काढताना प्रोग्राम मूळ फाइल घेतो. ज्यांचा संगणक जुना आहे आणि चित्रण फोर-के आकाराचे आहे त्यांना हाच मार्ग बरा.

पुढच्या उत्सवात हा खटाटोप टाळायचा असेल, तर चित्रण करण्यापूर्वीच टेलिफोनला सांगून ठेवावे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉर्मॅट्स, आणि तेथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावे. आपल्याकडे पुष्कळांचे टेलिफोन फ्रेंचमध्ये असतात. त्यांनी ‘ल प्ल्यू कोंपातिब्ल’ शोधावे. मग चित्रण एच.२६४ मध्ये होते. जागा दुप्पट लागते, मिनिटाला ६० ऐवजी सुमारे १३० मेगाबाइट, पण त्रास वाचतो. एचडीआर बंद ठेवावे. टेलिफोनवर सोय असेल तर सेकंदाला २५ चित्रांची चाल निवडावी. आपल्या बेटावरील वीज ५० हर्ट्झची असल्याने मंडळीच्या सभागृहातील नळीदिव्यांखाली ३० च्या चालीने चित्र लपलपण्याचा संभव असतो. आणि चित्रण एकमेकांस पाठविताना व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवू नये. त्याने ते आणखी आवळले जाते. दस्तऐवज म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ जसेच्या तसे पोहोचते.

लग्नाच्या जुन्या तबकड्या आणि कॅसेटी

घरोघरी कपाटात अजून व्हिडिओ सीडी आणि डीव्हीडी आहेत. व्हिडिओ सीडीतील फाइलीच्या शेवटी डीएटी अशी अक्षरे असतात, आत मात्र एमपेग-१ हा जुना कोडेक असतो. डीव्हीडीतील व्हीओबी फाइलीत एमपेग-२ असतो, आणि एकच लग्न एकेका गिगाबाइटच्या तुकड्यांत विभागलेले असते. या फाइली थेट संपादनात ओढल्या की प्रोग्राम हमखास अडतो. डीव्हीडी पूर्ण तबकडी म्हणून हँडब्रेकमध्ये उघडावी, तुकडे सुटे घेऊ नयेत. २००६ नंतरच्या सोनी आणि पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांतील एमटीएस फाइलींनाही हेच लागू. त्या कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. एकटी फाइल उचलली तर तुकड्यांची सांधणी हरवते.

कॅसेटींची गोष्ट अधिक निकडीची आहे. व्हीएचएस यंत्रे करणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये ते काम बंद केले. आता जी यंत्रे आहेत तीच. ती बिघडली की कॅसेट वाचणारे कोणी राहणार नाही. आपल्या दमट हवेत फितीवर बुरशी येते ती वेगळीच. कॅसेट संगणकावर उतरवताना ती सेकाम, पाल की एनटीएससी ते प्रथम ठरवून यंत्राला तसे सांगावे, नाहीतर रंग हरवतात. उतरलेल्या चित्रात हलत्या वस्तूंच्या कडेला कंगव्याचे दात दिसले तर घाबरू नये. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत लिहिले जाई, त्याची ती खूण आहे; डीइंटरलेस नावाच्या कामाने ती जाते.

खरोखर तुटलेली फाइल

कधी फाइल खरोखरच अपुरी असते. झाकरी रंगात आलेली असताना टेलिफोनची बॅटरी संपते. एमपी४ फाइलीची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबवल्यावर शेवटी लिहिली जाते. ती लिहिण्याआधीच वीज गेली तर पुस्तक आहे पण अनुक्रमणिका नाही अशी स्थिती होते. अशी फाइल कोठेच उघडत नाही. तरीही ती पुसू नये. त्याच टेलिफोनवर त्याच मांडणीत काढलेली दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाचा विनामूल्य प्रोग्राम अनुक्रमणिका पुन्हा बांधू शकतो. दर वेळी यश येतेच असे नाही, पण पुष्कळदा गाणे परत मिळते. तोवर त्या कार्डावर नवे काही चित्रित करू नये.

मूळ प्रत म्हणजे बी

आता या सर्वांहून महत्त्वाचे. आपले पूर्वज कोकणातून या बेटावर आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत असलेल्या स्थलांतराच्या दप्तरांत त्या काळच्या लोकांची नावे, गावे आणि कित्येकांची छायाचित्रेही जपलेली आहेत. कुटुंबे तेथे जाऊन आपल्या खापरपणज्याचे नाव शोधतात आणि सापडले की डोळे पुसतात. परंतु त्यांपैकी कोणाचाही आवाज आपल्याजवळ नाही. ते कसे बोलत, झाकरीत कोणत्या चालीवर पाय टाकीत, हे कागद सांगू शकत नाही.

आज आवाज आणि चाल दोन्ही आपल्या हाती आहेत. ज्या आजींना शाळेची मराठी आली नाही पण घरची मराठी गाणी आली, त्या दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत. पुढच्या चतुर्थीस कोण असेल कोण नसेल, हे सांगवत नाही. म्हणून प्रोग्राम एका रात्री गोठला एवढ्या कारणाने त्यांची फाइल टाकून देणे हे बी दळून खाण्यासारखे आहे. आजचा संगणक ती उघडू शकत नसेल, उद्याचा उघडील. पुसलेली फाइल मात्र कोणताच संगणक उघडणार नाही.

तेव्हा प्रत्येक मंडळीने एक साधा नेम करावा. मूळ फाइल कधीही बदलू नये. रूपांतर करायचे ते नकलेचे. प्रत्येक मूळ फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्या डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांतून पाणी कसे वाहिले ते आपण पाहिलेच. एक प्रत पोर्ट लुईत असेल तर दुसरी वाकव्याला असावी. वर्षातून एकदा, चतुर्थीच्या तयारीच्या वेळी, दोन्ही डिस्क लावून फाइली उघडतात ना हे पाहावे. आणि फाइलीचे नाव टेलिफोनने दिलेल्या आकड्यांवर सोडू नये. गाणारी कोण, गाव कोणते, गाणे कोणते, दिनांक काय, हे त्यात लिहावे. तीस वर्षांनी नातवाला आकडे काहीच सांगणार नाहीत.

हे काम एकट्या तरुणावर टाकू नये, हेही आम्ही वडीलधाऱ्यांना विनवितो. तो रात्रभर गोठलेल्या पडद्यापुढे बसलेला असताना ‘फिल्म केव्हा होणार?’ असे विचारण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसावे आणि चित्रात दिसणारे चेहरे ओळखून नावे सांगावी. संगणक त्याला कळतो, माणसे तुम्हांला कळतात. दोन्ही मिळून फिल्म पुरी होते.